मस्टरवरची बाई

दुष्काळी कामावर सकाळी पहिल्यांदा व्हायची ती हजेरी. मुकादम मस्टर उघडून दगडावर बसायचा आणि एकेक नाव पुकारायचा. पुरुष लगेच आवाज द्यायचे. बाईचं नाव आलं की पुष्कळदा क्षणभर कुणी बोलायचंच नाही. मग शेजारीण कोपरानं ढोसायची, "अगं, तुलाच बोलावतोय," आणि पदर सावरत एक हात वर व्हायचा. सासरी आल्यापासून जिला सारं गाव कुणाची तरी सून नाहीतर कुणाची तरी आई म्हणून ओळखत होतं, तिचं स्वतःचं नाव चारचौघांत, परक्या पुरुषानं, मोठ्यानं घेतलेलं असायचं. पगाराच्या दिवशी त्याच नावापुढे तिचा अंगठा उमटायचा.

बहात्तरच्या दुष्काळाची गोष्ट मी या मस्टरपासून सांगतो आहे. एरवी ती पावसापासून सुरू होते, मंत्रालयापाशी येते आणि सरकारनं किती कामं काढली, किती धान्य आणलं याच्या हिशेबात संपते. तो हिशेब खोटा नाही. पण त्या दीड-दोन वर्षांत घर कुणी धरून ठेवलं, हे त्या हिशेबात दिसत नाही. मस्टरमध्ये ते अर्धं दिसतं. उरलेलं अर्धं कुठल्याच कागदावर नाही.

१९७० पासूनच महाराष्ट्राच्या बऱ्याच भागात पाऊस मागे मागे सरत होता. १९७२ च्या पावसाळ्यानं तर पाठच फिरवली. मराठवाडा, सोलापूर, नगर, पुण्याचा पूर्व भाग, साताऱ्यातले माण-खटाव, सांगलीतले जत-आटपाडी, नाशिक, धुळे असा मोठा पट्टा होरपळला. खरीप गेला, रब्बीची पेर झालीच नाही. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या सरकारनं ठिकठिकाणी दुष्काळी कामं सुरू केली. रस्त्यांसाठी खडी फोडायची, पाझर तलाव खणायचे, नालाबंडिंग करायचं, शेतांना बांध घालायचे. मे १९७३ मध्ये या कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती. १९७१ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या पाच कोटींच्या थोडी वर होती. म्हणजे तान्ह्या बाळापासून मुंबईच्या शेठजीपर्यंत सगळे धरले तरी दर दहा माणसांतलं एक माणूस त्या उन्हाळ्यात घण, टिकाव किंवा पाटी घेऊन सरकारी कामावर उभं होतं. आणि या गर्दीत बाया अगणित होत्या. पुष्कळ कामांवर तर पुरुषांच्या बरोबरीनं.

दुष्काळात बाईनं सरकारी कामावर जाणं ही काही तेव्हाची नवलाई नव्हती. १८७६-७७ च्या दुष्काळात इंग्रज सरकारनं दख्खनमध्ये अशीच कामं काढली होती. तिथे मजुरीचे दर माणसाकडे बघून ठरलेले होते. पुरुषाला जास्त, बाईला कमी, पोराला त्याहून कमी. सर रिचर्ड टेंपल यांनी ती मजुरीही कापली तेव्हा १८७७ च्या सुरुवातीला लाखभर मजुरांनी कामं सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्यांची बाजू घेतली. त्याच वर्षी २० एप्रिलला सावित्रीबाई फुल्यांनी ओतूरहून जोतीरावांना पत्र लिहिलं. जुन्नर भागातल्या दुष्काळाची आणि सत्यशोधकांनी तिथे उभारलेल्या मदतकार्याची हकीगत त्यात आहे. दुष्काळाकडे एका बाईनं कार्यकर्ती म्हणून पाहिल्याची इतकी जुनी आणि इतकी स्वच्छ साक्ष आपल्याकडे आहे, हे शाळेतल्या प्रत्येक मुलीला ठाऊक असायला हवं. पण १८७७ मध्ये मस्टरवरच्या बाईला हक्क म्हणून काही मागता येत नव्हतं. काम ही सरकारची मेहेरबानी होती. बहात्तरनंतर जे बदललं ते इथे.

आधी खडीचं काम कसं चालायचं ते जवळून बघायला हवं. मोठा दगड पुरुष घणानं फोडायचे. त्याच्या ढेपा बायांपुढे यायच्या. बाई उकिडवी बसायची, ढेप पायाच्या चवड्यांशी धरायची आणि हातोडीनं त्याची गिट्टी करायची. बोटांवर घाव बसू नये म्हणून चिंध्या गुंडाळायच्या. कुणाला सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा मिळाला तर तो बोटांत घालायचा. उडालेली कपची डोळ्यात गेली की दिवस बुडाला. संध्याकाळपर्यंत ढीग लावायचा, तो कारकुनानं मोजायचा, आणि ब्राशीच्या हिशेबानं मजुरी. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. शंभर घनफूट खडी म्हणजे काय, हे हातोडीनं ती फोडल्याशिवाय कळत नाही. हातात येणारी मजुरी दिवसाला दोन-तीन रुपयांच्या आसपास.

मातीकामावर वाटणी वेगळी होती. पुरुषानं टिकावानं खणायचं, खोऱ्यानं पाटी भरायची. बाईनं डोक्यावर चुंबळ ठेवून ती पाटी उचलायची, चढण चढून बांधावर रिकामी करायची आणि परत यायचं. दिवसभरात शेकडो खेपा. खणलेल्या चौकडीची लांबी, रुंदी, खोली मोजून पैसे मिळायचे. माती किती लांब आणि किती उंच वाहिली, याचा हिशेब नियमात असला तरी खड्ड्यापाशी टेप लावणं सोपं होतं आणि पायाखालची वाट मोजणं अवघड. त्यामुळे खणणाऱ्याचं काम डोळ्यांना दिसायचं, वाहणारीचं काम वाटेवर सांडून जायचं.

हे काम जोडीनं करायचं काम होतं. त्यात एक मोठा अन्याय लपलेला होता आणि त्याकडे फार कमी लोकांनी पाहिलं. टोळी घरातल्या माणसांची व्हायची, नवरा-बायको, दीर-जाऊ, बाप-लेक. मजुरी टोळीच्या कामावर, म्हणून जो तो धडधाकट माणसं टोळीत घेणार. विधवा, नवऱ्यानं टाकलेली, जिचा नवरा मुंबईला गेला आणि त्याचं पत्रही येईना अशी, अंगावर पिणारं लेकरू असलेली, पाच-सहा महिन्यांची गरोदर, यांना टोळीत कोण घेणार? कुणी घेतलीच तर उपकार म्हणून. ज्यांना कामाची सगळ्यात जास्त गरज, त्याच कामाच्या कडेला उभ्या राहिल्या. पुढे १९८० च्या दशकात इंदुताई पाटणकरांच्या स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीनं सांगली जिल्ह्यात परित्यक्ता बायांचा प्रश्न हाती घेतला, त्यांच्या नावावर स्वतंत्र रेशनकार्ड असावं म्हणून झगडा मांडला. त्या मागणीचं मूळ मला या टोळ्यांत दिसतं. कुणाच्याही जोडीशिवाय बाई एक पुरं माणूस आहे, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

दुसरीही एक गोष्ट त्या मस्टरांनी घडवली. दुष्काळ फक्त मजुरांवर आला नव्हता. पंधरा-वीस एकरांचे कोरडवाहू शेतकरीही कामावर आले, आणि त्यांच्यामागून त्यांच्या घरच्या बायाही. स्वतःच्या शेतात त्या राबत होत्याच, पण दुसऱ्याच्या बांधावर मजुरीला जाणं म्हणजे घराण्याची इज्जत जाणं, अशा घरांतल्या या बाया. पहिले काही दिवस त्या गावापासून लांबच्या कामावर जात, तोंडावर पदर ओढून, ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून. मग भूक मोठी ठरली आणि पदर मागे गेला. एकाच ढिगाशी मराठ्याची, धनगराची, वंजाऱ्याची, महारवाड्यातली अशा बाया बसू लागल्या. एकत्र जेवू लागल्या असं मात्र मी लिहिणार नाही. पिण्याच्या पाण्याचा माठ बहुतेक ठिकाणी वेगळाच राहिला.

लेकरांचं काय? तान्ही मुलं बरोबरच यायची. तीन काठ्यांचा तिकोना बांधून किंवा बाभळीच्या फांदीला जुन्या लुगड्याची झोळी टांगायची, तिच्यात बाळ. झोका द्यायला सहा-सात वर्षांची बहीण. त्या बहिणीची शाळा तिथेच सुटली. दुपारी सुकडी, म्हणजे पौष्टिक कोरडा खाऊ, वाटली जायची, ती मिळावी म्हणून थोडी मोठी पोरंही कामावर यायची. सुकडीची चव ज्यांनी लहानपणी घेतली ते आज साठीच्या पुढे आहेत आणि अजून ती विसरलेले नाहीत. रेशनवर मिलो मिळायचा, परदेशातून आलेली लाल ज्वारी. तिची भाकरी थापताना चिरायची, गार झाली की वातड व्हायची. ज्या बाईचा हात भाकरीवर बसलेला, तिला त्या पिठानं रडवलं.

आता मस्टरवर न आलेलं अर्धं.

कामाची वेळ सकाळची. त्याआधी बाईचा एक आख्खा दिवस होऊन गेलेला असायचा. जुनी माणसं सांगतात की बहात्तरला दाणा नव्हता, पण पाणी तरी होतं. अलीकडच्या दुष्काळांत दाणा आहे आणि पाणी नाही. ते खरं आहे, पण "पाणी होतं" याचा अर्थ विहिरीच्या तळाशी होतं. ते वर आणणारी बाई होती. रात्री दोन-तीनला उठून आडावर जायचं, पोहरा सोडायचा, तो खडकावर आपटल्याचा आवाज आला की थांबायचं. झिरपा साचेपर्यंत काठावर बसून राहायचं. धिटुकली पोर कमरेला दोर बांधून खाली उतरवायची, ती वाटीनं कळशी भरायची. दोन हंडे मिळाले की घरी, चूल, भाकरी, आणि उजाडायच्या आत कामाची वाट. संध्याकाळी परत तेच. पुरुषाचं शेत बंद पडलं होतं, औत उभं होतं, बैल छावणीत किंवा खाटकाकडे गेला होता. त्याचं रोजचं काम दुष्काळानं हिरावून घेतलं आणि सरकारनं दुसरं दिलं. बाईचं कुठलंच जुनं काम गेलं नाही. सरपण लांब गेलं, पाणी खोल गेलं, त्यावर आठ तासांची खडी आली.

पुरुषांचेही हाल झाले, हे नाकारणारा मी नाही. दावणीचं जनावर विकून आलेला शेतकरी रिकाम्या गोठ्यात जाऊन बसायचा, घास घेत नसे. मुंबई-पुण्याला गेलेले फुटपाथवर झोपले. पण घरात अन्न वाटायची रीत बदलली नाही. आधी पुरुष, मग मुलं, मग सासू, आणि टोपल्यात उरलं तर ती. टोपल्यात उरत नव्हतंच. विकायची वेळ आली तेव्हा पहिल्यांदा काय गेलं तेही पाहावं. जमीन शेवटपर्यंत धरून ठेवली, ती पुरुषाच्या नावाची. त्याआधी पुतळ्या गेल्या, जोडवी गेली, माहेराहून आलेली पितळेची घागर, परात, तांब्या मोडीत गेले. तिच्या मालकीचं जे काही होतं तेच आधी वितळलं. मी याला त्याग म्हणून गौरवायला तयार नाही. तिला विचारलंच कोणी नव्हतं.

पाण्याच्या वाटेवर जात उभी होती. दलित बाईला सवर्णांच्या विहिरीवर पोहरा टाकता येत नसे. कुणी वाढेल तेव्हा वाढेल म्हणून ती लांब बसून राहायची. सुकाळात हा अपमान तासाभराचा, दुष्काळात दिवसभराचा. १९७२ सालीच परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात विहिरीच्या पाण्यावरून दोन बौद्ध स्त्रियांची विटंबना करण्यात आली. ज्या घटनांनी तेव्हाचे दलित तरुण पेटून उठले त्यांतली ही एक. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली. दुष्काळाचा इतिहास आणि दलित चळवळीचा इतिहास आपण वेगवेगळ्या पुस्तकांत वाचतो. त्या दोन बायांसाठी तो एकच होता.

याच काळात गावोगाव खडक फोडणारी यंत्रं फिरली आणि बोअर घेतले गेले. त्यांवर बसले हातपंप, आपल्या भाषेत हापसे. जालना पंप आणि सोलापूर पंप ही दोन नावं जगभरच्या पाणीपुरवठ्याच्या इतिहासात गेली आहेत. सोलापूर पंपाच्या धर्तीवर युनिसेफच्या मदतीनं पुढे 'इंडिया मार्क टू' हा पंप तयार झाला आणि आफ्रिकेतल्या खेड्यांपर्यंत पोचला. दुष्काळी महाराष्ट्रानं जगाला दिलेली ही फार मोलाची वस्तू आहे. पोहऱ्याचा दोर ओढून हाताला पडणारे घट्टे त्यानं कमी केले. दांडा मारायला उभी राहिली ती मात्र पुन्हा बाई आणि तिची पोर.

शहरातही बाया गप्प नव्हत्या. तेल, रॉकेल, धान्य महागलं, रेशनच्या दुकानांपुढे रांगा लागल्या. १९७२ मध्ये मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते या वेगवेगळ्या पक्षांच्या नेत्या एका व्यासपीठावर आल्या आणि हजारो बाया हातात लाटणं घेऊन रस्त्यावर उतरल्या. लाटणे मोर्चा हे नाव तेव्हापासून मराठीत रुळलं. तिकडे तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात शहाद्याला श्रमिक संघटनेच्या आदिवासी बायांनी दारूचे अड्डे फोडले आणि बायकोला मारणाऱ्या नवऱ्यांना गावापुढे उभं केलं. दुष्काळी कामाची मजुरी दारूच्या गुत्त्यात जाते हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. ऑक्टोबर १९७५ मध्ये पुण्यात स्त्री मुक्ती संघर्ष परिषद भरली, तिथे शहरातल्या सुशिक्षित तरुणींबरोबर शेतमजूर बायाही आल्या. महाराष्ट्रातल्या स्त्रीचळवळीची पाळंमुळं विद्यापीठांत जितकी, तितकीच खडीच्या ढिगाऱ्यांत आहेत.

१९७३ च्या जूनमध्ये पाऊस आला. कामं ओस पडली, माणसं शेताकडे धावली. इथे गोष्ट संपली असती. ती संपली नाही, याचं श्रेय वि. स. पागे यांना द्यायला हवं. विधान परिषदेचे सभापती असलेल्या या गांधीवादी माणसानं १९६५ मध्येच तासगाव तालुक्यातल्या विसापूरला कामाच्या हमीचा प्रयोग केला होता. दुष्काळानं त्यांची कल्पना किती मोलाची आहे ते सगळ्या राज्याला दाखवलं. महाराष्ट्र रोजगार हमी कायदा १९७७ मध्ये विधिमंडळानं एकमतानं मंजूर केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम, पुरुष-बाई एकच दर, कामावर पिण्याचं पाणी, सावली, लेकरांसाठी पाळणाघर. खर्चासाठी शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर. पाळणाघर म्हणजे बहुतेक ठिकाणी झाडाखाली बसवलेली एक म्हातारी. पण कागदावर ते आलं होतं आणि कागदावर आलं की त्यावरून भांडता येतं. बाया भांडल्याही.

कामावर कोण येतं, याचा अभ्यास पुण्याच्या गोखले संस्थेतल्या कुमुदिनी दांडेकरांनी केला. १९८३ मध्ये त्यांचं पुस्तक आलं, त्याच्या नावातच त्यांनी रोजगार हमी योजनेला स्त्रियांसाठीची रोजगाराची संधी म्हटलं. कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे बेकार पुरुष असेल. कामावर आल्या त्या बाया. घराजवळ काम, ठरलेला दर, कुणा मालकाच्या मर्जीवर नाही, हे बाईला दुसरीकडे कुठे मिळत होतं?

पैसा तिच्या हातात राहिला का? पुष्कळदा नाही. पगार वाटताना अंगठा तिचा आणि नोटा नवऱ्याच्या, हे अनेकांनी पाहिलं आहे. पण त्या अंगठ्याची तिला आठवण राहिली. बाजाराच्या दिवशी स्वतःच्या कमाईतून पोरासाठी पावशेर गूळ आणला होता, ही गोष्ट कितीतरी आज्यांनी नातवंडांना सांगितली आहे. आज त्या बाया ऐंशीच्या घरात आहेत. ज्यांच्या घरात अशी आजी असेल त्यांनी तिच्याजवळ बसावं आणि विचारावं : कुठल्या कामावर होतीस, मुकादम कोण होता, पाणी कुठून आणायचीस, सगळ्यांची जेवणं झाल्यावर तू काय खायचीस. विचारून लिहून ठेवावं. मस्टरं कचेऱ्यांत सडून गेली. आजी आणखी थोडेच दिवस आहे.

आणखी एक गोष्ट नोंदवायची आहे. महाराष्ट्राच्या १९७७ च्या कायद्यानं कामाचा हक्क ग्रामीण भागातल्या प्रत्येक प्रौढ व्यक्तीला दिला होता. नवऱ्याबरोबर बायकोला, सुनेबरोबर सासूला, टाकलेल्या बाईला, विधवेला, ज्याचा त्याला, आणि वर्षात किती दिवस याला मर्यादा नव्हती. २००५ मध्ये त्याच धर्तीवर सगळ्या देशासाठी कायदा झाला, तेव्हा लाभार्थ्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात असं त्यात लिहिलं गेलं. पण वर्षाला शंभर दिवसांची जी हमी त्यानं दिली, ती व्यक्तीला नाही, कुटुंबाला दिली.